कुत्रा, ससा आणि वळचणीखालची बाकीची मंडळी

जुनं चर्च दिसलं की माझा हात आपोआप वाइड अँगल लेन्सकडे जायचा. आख्खं चर्च, वर ढग, पुढे गवतात तिरकी झालेली थडगी, झाला फोटो. असे माझ्याकडे दोनेकशे तरी फोटो आहेत आणि खरं सांगायचं तर त्यातला कुठला कुठल्या गावचा हे आता मलाही सांगता येणार नाही. इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडचीच सोळा हजारांच्या आसपास चर्चेस आहेत, त्यातली कितीतरी अशी खेड्यापाड्यात, आणि लांबून बघितली तर बरीचशी एकमेकांची भावंडं वाटतात. वेगळेपण असतं ते हातभर अंतरावर. दाराच्या कडेला, बाकड्याच्या टोकाला, छपराच्या वळचणीखाली, म्हणजे वाइड लेन्समध्ये जे मुंगीएवढं दिसतं तिथे.

म्हणून या जूनमध्ये ठरवलं की वाइड लेन्स घरीच ठेवायची. बॅगेत फक्त ७०-२००, म्हणजे लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स, आणि एक मॅक्रो, अगदी जवळून बारकावे टिपणारी. आई आलेली होती माझ्याकडे राहायला, तिला म्हटलं चल दोन दिवस, तर म्हणाली चर्चमध्ये मी काय करू, मी म्हटलं वही घे आणि मी काढीन त्या फोटोंचे नंबर लिही. ही वही पुढे किती महागात पडणार होती ते तेव्हा माहीत नव्हतं.

जायचं होतं किलपेकला. हेरफर्डशायरमध्ये, हेरफर्डच्या नैऋत्येला, वेल्सची हद्द जवळच. गाव अगदी चिमुकलं आणि चर्चही तसंच, सेंट मेरी आणि सेंट डेव्हिडच्या नावाचं, साधारण ११४० च्या सुमाराचं, म्हणजे नॉर्मन काळातलं. शेजारी एका टेकाडावर त्याच काळातल्या किल्ल्याच्या भिंतीचे तुकडे उभे आहेत. चर्चला मनोरा वगैरे काही नाही, रस्त्यावरून बघितलं तर गाडी थांबवावीशीही वाटणार नाही. पण जवळ गेलात की छपराच्या खाली सगळीकडून चेहरे बघायला लागतात तुमच्याकडे. कॉर्बेल म्हणतात त्यांना, भिंतीतून बाहेर आलेले दगडी टेकू ज्यांच्यावर छपराची कड टेकते. टेकूच करायचा तर साधा दगड घातला असता तरी चाललं असतं की, पण या लोकांनी प्रत्येकावर काहीतरी कोरलंय आणि त्यातले ८५ अजून शिल्लक आहेत. मेंढा आहे, डुक्कर आहे, वाद्य वाजवणारा आहे, एकमेकांना मिठी मारलेली (का कुस्ती खेळणारी, ठरत नाही) जोडी आहे, आणि सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे एकाच टेकूवर शेजारी शेजारी बसलेले कुत्रा आणि ससा. लांब कानांचा ससा आणि खाली पडलेल्या कानांचा कुत्रा, दोघांचेही डोळे असे वटारलेले की आत्ताच कुणीतरी त्यांना ओरडलंय. नऊशे वर्षांपूर्वी कोणी हातात छिन्नी घेऊन हे केलं असेल तो माणूस गमत्या होता एवढं नक्की.

पोचलो ते भर दुपारी साडेबाराला. चूक नंबर एक, आणि खरं तर एकच, पण मोठी.

दुपारी ऊन डोक्यावर, कॉर्बेल वळचणीखाली, म्हणजे वरून छपराची सावली आणि खालून गवतावरून उडालेला हिरवट उजेड, सगळे चेहरे सपाट. मी पंचवीस-तीस फोटो काढले, स्क्रीनवर बघितले, पासपोर्ट ऑफिसमधले वाटले. वर पुन्हा मी भिंतीला अगदी चिकटून, मान मागे टाकून काढत होतो, त्यामुळे सगळ्यांच्या नुसत्या हनुवट्या. हे मला कळायला हवं होतं, लेन्स लांबची आहे तर लांब जा ना, थडग्यांच्या पलीकडे, पंधरा-वीस पावलं मागे, तिथून २०० वर काढला की टेकू बऱ्यापैकी समोरून दिसतो. आईने तोवर वहीत ‘१ - कोण कळत नाही, २ - कोण कळत नाही, ३ - डुक्कर’ असं लिहून ठेवलं होतं.

चर्चला एक फेरी मारताना आईला ती दिसली. शीला-ना-गिग. मागच्या बाजूला जो अर्धगोल भाग आहे तिथल्या एका टेकूवर आहे. मोठं डोकं, गोल डोळे, बारकं शरीर आणि दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवणारी बाई. चर्चच्या भिंतीवर. आई दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, “काढलास का हिचा?” म्हटलं काढतो. “नीट काढ.” अशा शीला ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी आहेत, त्या का कोरल्या यावर विद्वानांचं एकमत नाही, कोणी म्हणतं वासनेपासून सावध करायला, कोणी म्हणतं नजर लागू नये म्हणून, कोणी म्हणतं बाळंतपणाशी संबंध आहे. १८४२ मध्ये जी. आर. लुईस नावाच्या चित्रकाराने या चर्चमधलं कोरीवकाम चित्रं काढून छापलं, त्याने तर हिला छाती उघडून हृदय दाखवणारा मूर्ख पुरुष करून टाकलं होतं! बघून बघून माणूस जे बघायचं नाही ते कसं टाळतो. फोटोला निदान तेवढी लाज नसते.

आता उजेडाबद्दल बोलतो, कारण दोन दिवसांत मी शिकलो ते मुळात हेच. कोरीव दगडाचा फोटो हा दगडाचा नसतोच, सावल्यांचा असतो. ऊन समोरून पडलं की खोली गायब. ते भिंतीला घासून, कडेने गेलं पाहिजे, मग छिन्नीचा एकेक ओरखडा उठून येतो. जुनी चर्चेस साधारण पूर्व-पश्चिम बांधलेली असतात, दार बऱ्याचदा दक्षिणेला, म्हणजे एक लांब भिंत दक्षिणेकडे आणि एक उत्तरेकडे. आपल्याला वाटतं उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडतच नाही. वर्षातले बरेच महिने खरंच पडत नाही. पण इंग्लंडमध्ये जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, मावळायला साडेनऊ वाजतात. म्हणजे हेरफर्डच्या बाजूला संध्याकाळी सहाच्या जरा आधी तो बरोब्बर पश्चिमेला येतो आणि तिथून पुढे तीन-साडेतीन तास उत्तरेच्या भिंतीला घासत घासत खाली जातो. आणि सकाळी उलटं, साडेआठच्या सुमाराला तो पूर्वेला असतो आणि मग दक्षिणेच्या भिंतीवर कडेने यायला लागतो. हे सगळं फोनमधल्या ॲपवर दिसतं, दुपारी बाकावर बसून मी ते बघितलं, घरी बसून बघितलं असतं तर पेट्रोल वाचलं असतं.

म्हणजे संध्याकाळपर्यंत वेळच वेळ. मग आसपास गाडी हिंडवली आणि एका दुसऱ्या गावातल्या चर्चमध्ये शिरलो. नाव सांगत नाही, कारण तिथे मी एक वेडेपणा केला. दाराबाहेरच्या पडवीला जाळीचं दार होतं आणि त्यावर पाटी, पक्षी आत अडकतात, कृपया दार लावून घ्या. मी ट्रायपॉड, बॅग, आई हे सगळं सांभाळत आत गेलो आणि दार तसंच. पाच मिनिटांत एक पाकोळी आत. वर छपराच्या लाकडांमधून गरागरा फिरतेय आणि आम्ही दोघं खाली माना वर करून. तेवढ्यात फुलं बदलायला एक आजीबाई आल्या, त्यांनी आमच्याकडे बघितलं, वर बघितलं, काही न बोलता मोठं दार सताड उघडलं, आतले दिवे बंद केले आणि म्हणाल्या, आता गप्प बसा दहा मिनिटं. बसलो. उजेड फक्त दारातून येत होता आणि पाकोळी गेली त्या दिशेने बाहेर.

पण त्या दहा मिनिटांनी माझं काम केलं. दिवे बंद झाल्यावर चर्च एकदम वेगळं दिसायला लागलं. पिवळे बल्ब आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र असला की फोटोत भिंत अर्धी हळदीसारखी आणि अर्धी आजारी दिसते, व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग जुळवायची सेटिंग) कुठलाही लावा, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. बल्ब बंद, नुसती खिडकी, ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८, शटर आठ सेकंद उघडं. बास. फ्लॅशचं तर नावच काढू नका, सगळं सपाट करतो तो.

मी बाकांच्या टोकांवरच्या नक्षीचे फोटो काढत होतो तर त्या बाईंनी बोलावलं आणि दाराजवळच्या खांबावर बोट ठेवलं, इथे काय दिसतंय? काही नाही, चुना आणि पोपडे. त्यांनी आईच्या हातातला फोन घेतला, टॉर्च लावला आणि खांबाला जवळजवळ टेकवून धरला. आणि दगडावर फूल उमटलं. सहा पाकळ्यांचं, कंपासने काढलेलं, तळहाताएवढं. त्याच्या बाजूला दोन अर्धवट वर्तुळं. टॉर्च समोरून धरला की गायब, कडेने धरला की हजर. आईने तीनदा करून बघितलं, लहान मूल दिव्याचं बटण खालीवर करतं तसं.

ही सहा पाकळ्यांची फुलं जुन्या चर्चेसमध्ये खूप सापडतात, वाईट शक्तींपासून रक्षण म्हणून कोरली असं बरेच जण मानतात, काहींना तो गवंड्यांचा भूमितीचा सराव वाटतो. शतकानुशतकं लोकांनी चर्चच्या भिंती अशा खरवडून ठेवल्या आहेत, जहाजं, हातांची रूपरेषा, नावं. नॉर्फकमध्ये २०१० पासून एक सर्व्हे चालू झाला, मॅथ्यू चॅम्पियन यांनी सुरू केलेला, त्यात स्वयंसेवक टॉर्च आणि कॅमेरा घेऊन चर्चमागून चर्च पालथी घालतात आणि हेच शोधतात. हर्टफर्डशायरमधल्या ॲशवेलच्या चर्चच्या मनोऱ्यात तर १३५० सालचा प्लेगबद्दलचा लॅटिन मजकूर भिंतीवर खरवडलेला आहे, मागे उरलेल्या लोकांची काय दशा झाली त्याबद्दल, आणि खाली १३६१ च्या वादळाची नोंद. मी कागदपत्रांमधला इतिहास वाचून कंटाळणारा माणूस आहे, पण कोणीतरी खिळा घेऊन भिंतीवर लिहिलंय म्हटल्यावर माझे कान टवकारतात.

मग आई माझी लाइट असिस्टंट झाली. मी शटर दाबून ‘हं’ म्हणायचो आणि आठ सेकंद तिने टॉर्च भिंतीला घासून हळूहळू खालून वर न्यायचा. पहिल्या चार फोटोंत तिची बोटं भुतासारखी आली. पाचव्यात ती म्हणाली, तू आकडे मोजत जा मोठ्याने, मला अंदाज येत नाही. मग मी एक दोन तीन मोजतोय, आई टॉर्च फिरवतेय आणि त्या आजीबाई डेलियांच्या काड्या कापत आमच्याकडे बघतायत. सातवा फोटो जमला. बाहेर पडताना दक्षिणेच्या भिंतीवर दाराशेजारी त्यांनी अजून एक दाखवलं, दगडात एक भोक आणि त्यातून खाली पंख्यासारख्या रेघा. स्क्रॅच डायल. भोकात काडी खोचायची आणि तिची सावली कुठल्या रेघेवर येते ते बघून प्रार्थनेची वेळ ठरवायची. त्याचा फोटो मी काडी खोचून काढणार होतो, आजीबाई नको म्हणाल्या, दगड झिजतो. बरोबर आहे. पाच पाउंड पेटीत टाकले, त्यातला निम्मा दंड पाकोळीचा.

रंगीत काचांबद्दल थोडक्यात, कारण मला त्या फारशा जमत नाहीत. ऊन थेट मागून येत असेल तर एक तुकडा भगभगीत आणि शेजारचा काळाकुट्ट, त्यापेक्षा ढगाळ दिवस बरा. एक्स्पोजर काचेचं घ्यायचं आणि भिंत काळी झाली तर होऊ द्यायची. बास, एवढंच.

सातला परत किलपेकला. कोणी नव्हतं. उत्तरेच्या बाजूला गेलो आणि अक्षरशः थबकलो, कारण दुपारी जे पासपोर्ट ऑफिस होतं तिथे आता माणसं होती. कोणाची भुवई, कोणाच्या गालावरची सुरकुती, एकाच्या दातांमधल्या फटीसुद्धा. दगड तिथला लालसर वाळूचा आहे, ओल्ड रेड सँडस्टोन, संध्याकाळच्या उन्हात तो आतून तापल्यासारखा दिसतो, आणि इथे एक सांगायचं म्हणजे ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करा, कॅमेऱ्याला वाटतं काहीतरी चुकून लाल झालंय आणि तो बिचारा इमानदारीत ते राखाडी करून टाकतो. डेलाइटवर ठेवा, विसरून जा. मी थडग्यांच्या मागून, खांद्याएवढ्या ट्रायपॉडवर, एकेक टेकू घेत भिंतीने सरकत गेलो. एक खेप, मग पाऊण तासाने परत तीच भिंत, कारण ऊन खाली आलं की सावल्या लांबतात आणि तोच चेहरा आता वेगळाच मूड दाखवतो. दुपारी मी सगळे टेकू एका दिवसात उरकायचे असं ठरवून आलो होतो, एखाद्या गोदामातला माल मोजावा तसं. संध्याकाळी दीड तासात अकराच झाले आणि मला काहीच घाई वाटली नाही. आई शाल गुंडाळून बाकावर बसून ‘पुढचा नंबर?’ विचारत होती.

फ्रेडरिक एव्हान्स नावाचा एक इंग्रज फोटोग्राफर होता, आधी लंडनमध्ये पुस्तकांचं दुकान चालवायचा, ते १८९८ मध्ये सोडून फोटोग्राफीकडे वळला आणि मुख्यतः चर्चेस आणि कॅथेड्रलच टिपत राहिला. सॉमरसेटमधल्या वेल्स (Wells, वर आलेला वेल्स देश नव्हे) गावच्या कॅथेड्रलमधल्या झिजून लाटांसारख्या झालेल्या पायऱ्यांचा त्याचा १९०३ चा फोटो नेटवर सहज सापडेल. त्यात काय आहे? पायऱ्या. आणि कडेने आलेला उजेड. कॅथेड्रल एवढं अवाढव्य असून त्याने घेतल्या पायऱ्या, हे मला या वेळी वळचणीखाली उभं राहिल्यावर नीट पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार. रात्र जवळच्याच एका बी अँड बीमध्ये काढली होती, आई कुरकुरत का होईना आठला तयार. किलपेकचं दक्षिण दार म्हणजे या चर्चचा जीव. वर अर्धगोलात वेलीसारखं झाड, त्याच्याभोवती कमानीत एकाशेजारी एक प्राण्यांची, पक्ष्यांची, चोचवाल्यांची डोकी, बाहेरच्या कमानीत गोल चौकटींमध्ये गुंडाळी झालेले ड्रॅगन आणि पक्षी. दोन्ही बाजूच्या बाहेरच्या खांबांवर साप, एकमेकांत गुंतलेले, शेपट्या गिळणारे. डावीकडच्या आतल्या खांबावर दोन योद्धे वेलींमध्ये अडकलेत, त्यांच्या विजारींना चक्क उभ्या रेघा आहेत, मॅक्रोमध्ये एकेक मोजता येते. उजव्या खांबाच्या डोक्यावर एक चेहरा ज्याच्या तोंडातून वेली बाहेर पडतायत, ग्रीन मॅन. आई म्हणाली, “कीर्तिमुख की रे हे.” नाहीये, दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध असल्याचं मी तरी वाचलेलं नाही, पण बघताक्षणी मलाही तेच वाटलं होतं हे कबूल करतो.

पावणेनऊला ऊन कडेने सुरू झालं. आधी सापांच्या पाठी उजळल्या, मग योद्ध्यांची नाकं. दहापर्यंत काढत होतो. नंतर सपाट होत गेलं सगळं, मग आत गेलो. आत मोठ्या कमानीच्या दोन्ही बाजूंना संतांच्या आकृत्या आहेत, एकाच्या डोक्यावर एक अशा तीन-तीन, त्यातला किल्लीवाला पीटर लगेच ओळखू येतो. खिडक्या लहान, उजेड थोडा, पण तोच थोडा उजेड कडेने येतो त्यामुळे झग्यांच्या चुण्या सुंदर आल्या. आई त्या वेळेस बाहेर कुत्रा आणि सशाच्या खाली उभी राहून आपल्या फोनवर त्यांचा फोटो काढत होती, झूम करून, खालून, अंगावर छपराची सावली, म्हणजे मी वर जे जे करू नका म्हटलं ते सगळं. तो तिने फॅमिली ग्रुपवर टाकला आणि त्याला माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त बदाम आले.

आता घरी येऊन तीन आठवडे झाले, फोटो लावतोय. एकूण चारशे बारा, त्यातले कॉर्बेल चौपन्न, म्हणजे एकतीस अजून राहिलेतच, सप्टेंबरात परत जावं लागेल आणि तेव्हा उत्तरेला ऊन मिळणार नाही ही वेगळी रड. आईची वही समोर आहे. अडचण अशी की संध्याकाळी मी एकेका टेकूचे दोन-दोन, तीन-तीन फोटो काढत होतो आणि ती मात्र प्रत्येक ‘क्लिक’ला पुढचा नंबर टाकत होती, का प्रत्येक चेहऱ्याला, हे आता तिलाही आठवत नाही. त्यामुळे साधारण एकोणिसाव्यापासून सगळंच घसरलंय. ‘२३ - मेंढा, गरीब’ म्हणून लिहिलंय तिथे जबडा वासलेला एक राक्षस आहे. ‘३१ - रागावलेले गृहस्थ’च्या जागी ससा. काल फोनवर तिला विचारलं, अगं ‘३८ - हा आपल्या नानासारखा’ हा नक्की कुठला? तर म्हणाली सगळे पाठव, मी बघून सांगते. पाठवलेत. तिने आत्तापर्यंत सहा नाना काढलेत त्यातून.